सगळ्यांना चालते, मग मलाच का नाही?

ताई, नमस्कार. माझं वय २८, बाळ चौदा महिन्यांचं आहे. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. कळा येत असताना सिस्टरांनी विचारलं, ‘तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवायची ना? पाच वर्षं बघायला नको.’ मी हो म्हटलं, सही केली. खरं सांगते, त्या वेळी कुणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर पाळी परत आली. आधी चार दिवस जायचं, आता आठ-नऊ दिवस जातं. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात, कंबर धरते. सहा महिने असंच चाललंय. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.१ आलं. तांबी काढायला गेले तर ‘सवय होईल, इतक्या लवकर काढत नाहीत, काढायचीच असेल तर नवऱ्याला घेऊन ये’ असं सांगून परत पाठवलं. माझ्या जाऊबाईंना तांबी बसवून सात वर्षं झाली, त्यांना काही त्रास नाही. त्या म्हणतात, तू नाजूक आहेस. सासूबाई म्हणतात, तांबी छातीपर्यंत चढते, काढ आणि दुसऱ्याचं बघ. नवरा म्हणतो, दोरा टोचतो. मला अजून तीन-चार वर्षं तरी दुसरं मूल नको. काढली तर सगळे म्हणतील, हिला एवढंही सोसलं नाही. काय करू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

प्रिय मैत्रिणी,

आधी नवऱ्याच्या सहीचं सांगते. ती लागत नाही. तांबी बसवायलाही लागत नाही आणि काढायलाही लागत नाही. तू सज्ञान आहेस, तुझ्या तोंडचा शब्द पुरतो. ‘पाच वर्षं काढायची नाही’ असाही नियम कुठे नाही. पाच वर्षं ही तांबीची मुदत आहे, तुझी नाही. त्यानंतर ती आत ठेवायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याआधी पाचव्या महिन्यात काढ, पाचव्या दिवशी काढ, तो तुझा प्रश्न आहे.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. मी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत होते. आधी उपकेंद्रात नर्सबाई, नंतर आरोग्य सहाय्यिका. सुरुवातीच्या वर्षांत आम्हाला टार्गेट असायचं: वर्षाला इतक्या तांब्या, इतकी ऑपरेशनं. तांबी बसवली की वहीत एक आकडा वाढायचा, काढली की साहेबांचा चेहरा पडायचा. तेव्हा एक बाई माझ्याकडे दोनदा आली. तुझ्यासारखीच, अंगावरून खूप जातंय म्हणून. दोन्ही वेळा मी तिला लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. ‘होईल सवय,’ हेच शब्द माझ्याही तोंडात होते. तिसऱ्या वेळी ती आली नाही. गावातल्या कुणाकडून तरी दोरा ओढून काढून घेतली आणि ताप घेऊन महिनाभर पडून राहिली. तिच्या घरी गेले तेव्हा ती मला काहीच बोलली नाही, पाणी दिलं. ते पाणी मी विसरलेले नाही. १९९६ साली सरकारने ते टार्गेट काढून टाकलं. पण ‘सवय होईल’ हे वाक्य काही गेलं नाही, ते तुझ्यापर्यंत पोचलं.

आता तू नाजूक आहेस का ते बघू. तांबी म्हणजे प्लॅस्टिकचा तीन-साडेतीन सेंटिमीटरचा तुकडा, त्याला तांब्याची तार गुंडाळलेली. त्या तारेतून तांब्याचे सूक्ष्म कण सुटत राहतात, त्यांनी शुक्रजंतू निकामी होतात आणि बीजापर्यंत पोचत नाहीत. काम ती चोख करते. वर्षभर शंभर बायकांनी वापरली तर एखादीलाच दिवस जातात, तेही क्वचित. पण गर्भपिशवीला ती परकी वस्तूच. आतल्या अस्तराला बारीक सूज राहते, तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं जास्त तयार होतात, त्यांनी कळा येतात आणि रक्त जास्त जातं. हे ज्यांनी ज्यांनी तांबी बसवली त्या बहुतेकींना पहिल्या काही पाळ्यांत थोडंफार जाणवतं. तीन ते सहा महिन्यांत पुष्कळजणींचं कमी होतं. काहींचं होत नाही. पिशवीचा आकार, तांबी कुठे बसली, मुळात पाळी किती जायची, अशा गोष्टींवर ते ठरतं, बाईच्या सोशिकपणावर नाही. तुझ्या जाऊबाई शूर आणि तू नाजूक असं यात काही नाही. एकीच्या पायात बसणारी चप्पल दुसरीला चावते, आणि चावणारी चप्पल घालून कुणी डोंगर चढत नाही.

जाऊबाईंचा विषय निघालाच आहे तर त्यांना एक विचार: त्यांची तांबी कोणती आहे? सरकारी दवाखान्यात दोन प्रकार मिळतात. कॉपर-टी ३८०ए दहा वर्षं चालते, कॉपर ३७५ पाच वर्षं. बसवली तेव्हा त्यांना कार्ड मिळालं असेल, त्यावर प्रकार आणि तारीख असते. ३८०ए असेल तर अजून तीन वर्षं बिनघोर राहू दे. ३७५ असेल तर मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली आणि त्या समजतात तितक्या सुरक्षित त्या नाहीत. कार्ड हरवलं असेल तर दवाखान्यातल्या रजिस्टरमध्ये नोंद सापडते. हे त्यांना प्रेमाने सांग, उलटून बोलल्यासारखं नको.

सासूबाईंचंही ऐकून घे. छातीपर्यंत तांबी चढत नाही. गर्भपिशवी ही बंद पिशवी आहे, तिथून छातीकडे वाटच नाही. हजारात एखाद्या वेळी, आणि तेही मुख्यतः बसवताना, तांबी पिशवीची भिंत टोचून पोटात जाऊ शकते. ती सोनोग्राफी किंवा एक्स-रेत दिसते आणि दुर्बिणीने काढतात. इतकंच. पण त्यांची भीती हवेतून आलेली नाही. १९६५ साली आपल्या देशात ‘लूप’ आला, तांबीच्या आधीचा नुसता प्लॅस्टिकचा वेटोळ्यासारखा. शिबिरं भरवून, रांगा लावून बायकांना तो बसवला. बसवण्याची जितकी घाई होती तितकी नंतर विचारपूस करण्याची नव्हती. ज्यांना रक्त जायला लागलं त्यांनी जायचं कुठे? दोन-तीन वर्षांतच लूपचं नाव खराब झालं. ज्या बाईचं ऐकून घेतलं नाही तिने आपलं दुखणं दारात, पाणवठ्यावर, माहेरी सांगितलं, आणि सांगता सांगता लूप छातीत चढला. सासूबाईंनी हे त्यांच्या आईकडून ऐकलं असणार. तू त्यांना म्हण, ‘आई, छातीत जात नाही, पण रक्त जातं ते खरं आहे.’ अर्धं त्यांचं खरं निघालं की उरलेलं अर्धं त्या सोडतील.

नवऱ्याच्या दोऱ्याचंही ऐक. बाळंतपणानंतर लगेच बसवलेल्या तांबीचा दोरा आधी पिशवीतच असतो. पिशवी आकसून जागेवर आली की तो हळूहळू खाली उतरतो, कधी जास्तच लांब राहतो. म्हणून दीड महिन्याने एकदा तपासून तो बेताने कापायचा असतो. तुला त्या तपासणीला बोलावलं होतं का? बहुधा नसावं. दोरा फार आखूड कापला तरी टोचतो, कारण मग त्याचं टोक ताठ उभं राहतं. थोडा लांब ठेवला तर तो मऊ पडून पिशवीच्या तोंडामागे वळून बसतो. म्हणजे नवऱ्याची तक्रार खोटी नाही आणि तिचा इलाजही सोपा आहे. पण त्याला दोरा टोचतो आणि तुझं नऊ दिवस रक्त जातं, या दोन्ही गोष्टी घरात एकाच तराजूत तोलल्या जात असतील तर ते मला पटत नाही.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं काय ते सांगते. तुझं हिमोग्लोबिन ९.१ आहे. बाईचं ते १२ तरी हवं. ९.१ म्हणजे मध्यम रक्तक्षय. जिना चढताना धाप, बाळाला उचलताना डोळ्यांपुढे अंधारी, केस गळणं, चिडचिड, हे सगळं तुला होत असणार आणि ते तू ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून सोडून देत असशील. बाळ अजून अंगावर पीत असेल तर त्यात आणखी भर. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ५७ जणींना रक्तक्षय निघाला. जिथे मुळातच रक्त कमी, तिथे दर महिन्याला जास्त रक्त घालवणारं साधन सगळ्यांना एकाच मापाने देता येत नाही. बसवण्याआधी हिमोग्लोबिन बघावं, पाळी कशी जाते ते विचारावं, आणि हे सगळं गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळी, शांतपणे, खुर्चीवर बसवून. कळांमध्ये विचारलेल्या प्रश्नाला आलेलं ‘हो’ हे मी तरी होकार मानत नाही. तुला त्याबद्दल अपराधी वाटायचं काही कारण नाही.

आता काय करायचं ते. काढायची की ठेवायची हे ठरवण्याआधी एकदा तपासून घे, कारण सहा महिने इतकं जातंय तर ती जागेवर आहे का हे कळायला हवं. बाळंतपणात बसवलेली तांबी सरकण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त असतं. अर्धवट खाली सरकलेली तांबी रक्तही घालवते आणि दिवस जाण्यापासून वाचवतही नाही. डॉक्टर आतून तपासून दोरा बघतील, सोनोग्राफी सांगतील. तोपर्यंत तूही बघू शकतेस: पाळी संपल्यावर हात स्वच्छ धुऊन उकिडवी बस, बोट आत घालून बघ, दोऱ्यासारखं काही लागतं का. दोरा लागला तर ठीक. प्लॅस्टिकचं कडक टोक लागलं, किंवा दोरा अचानक लांब झाला, तर ती खाली आली आहे असं समज, निरोध वापर आणि लगेच जा. ताप, ओटीपोटात सतत दुखणं, दुर्गंधी येणारं पांढरं जाणं यातलं काही असेल तर पाळीची वाट बघू नकोस. आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात लघवीची तपासणी कर. तांबी असताना दिवस सहसा जात नाहीत, पण गेलेच तर गर्भ पिशवीबाहेर नळीत असू शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं.

तांबी जागेवर आहे असं निघालं आणि तुला ती ठेवावीशी वाटली, तर डॉक्टर पाळीच्या दिवसांत मेफेनॅमिक ॲसिड किंवा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारखी गोळी देतील. दोन्हींनी रक्त कमी होतं, मेफेनॅमिकने कळाही. सोबत लोहाच्या गोळ्या. दोन-तीन पाळ्या बघायच्या. हा एक रस्ता आहे आणि अनेकजणींना तो लागू पडतो.

पण तू मला विचारलंयस म्हणून माझं मत सांगते. काढ. तू सहा महिने वाट पाहिली आहेस, रक्त ९.१ वर आलंय, आणि पत्रात कुठेही तू ‘मला ती हवी आहे’ असं लिहिलेलं नाही. साधन कितीही चांगलं असलं तरी ते बाईच्या रक्तावर चालू नये.

काढण्याला भिऊ नकोस. बसवण्यापेक्षा ते खूप सोपं. चिमट्यात दोरा धरायचा आणि हलकेच ओढायचं. तांबीचे हात वर मिटतात आणि ती बाहेर येते. मिनिटभराचं काम, एखादी कळ येते. पण लक्षात ठेव, तांबीचा परिणाम तिच्याबरोबरच जातो, दुसऱ्याच दिवसापासून दिवस जाऊ शकतात. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात, म्हणून काढायच्या आधीच्या आठवड्यातही निरोध वापर. सासूबाईंचं ‘दुसऱ्याचं बघ’ चुकून खरं व्हायला नको.

त्याऐवजी काय घ्यायचं हे आधी ठरव, मग काढ. तुझ्या बाबतीत मला ‘छाया’ गोळी बरी वाटते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, त्यात हार्मोन नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पाळी लांबते आणि रक्त कमी जातं, ते तुला आत्ता हवंच आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, म्हणजे पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवशी गोळी घे आणि त्याच आठवड्यात तांबी काढ. कावीळ झाली असेल किंवा बीजकोशात गाठी असतील तर आधी डॉक्टरांना सांग. ‘अंतरा’चं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा असतं, पण त्यात पाळीचं वेळापत्रक बिघडतं, अधूनमधून डाग लागतात, आणि थांबवल्यावर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात. तीन-चार वर्षांनी मूल हवं असणाऱ्या बाईला ती अडचण नाही, पण आधी माहीत असावं. हार्मोनची तांबीही असते, ती उलट रक्त कमी करते. खाजगीत काही हजारांना पडते. खूप पाळी जाणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींना तिने पिशवी काढायच्या ऑपरेशनपासून वाचवलं, म्हणून तिचं नाव घेतलं.

आणि निरोध. तो तुझ्या नवऱ्याने वापरायचा आहे, त्यात ना तुझं रक्त जात ना कुणाला दोरा टोचत. वर सांगितलेल्या त्याच सर्वेक्षणात देशात नसबंदीचं ऑपरेशन केलेल्या विवाहित बायका ३७.९ टक्के, तांबी वापरणाऱ्या २.१ टक्के, आणि नसबंदी केलेले पुरुष ०.३ टक्के निघाले. हा सगळा भार कुणाच्या अंगावर आहे ते या आकड्यांतून दिसतं. माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी पोरींनी पंचविशीत ऑपरेशन करून घेतलं, कारण ‘तांबीने त्रास होतो आणि काढून देत नाहीत’. काढून द्यायची खात्री असती तर त्यांनी तांबी वापरून बघितली असती, आणि ऑपरेशनचा निर्णय पस्तिशीत, सावकाश घेतला असता.

मी तांबीच्या विरुद्ध नाही, हे तुला कळावं म्हणून माझं सांगते. पहिल्या मुलानंतर मीही बसवली होती. बसवताना इतकी कळ आली की टेबलाची कड घट्ट धरली होती. तेव्हा त्या दुखण्याबद्दल कुणी बोलायचंच नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२४ मध्ये डॉक्टरांना सांगितलं की बसवण्याआधी दुखण्याबद्दल बाईशी बोला, बधीर करायचं औषध देण्याचा विचार करा. आपल्याकडेही मागायला हरकत नाही. पहिल्या तीन पाळ्या मला त्रासाच्या गेल्या. चौथीपासून मी ती विसरून गेले. मुलाला शाळेत घातलं, प्रमोशनची परीक्षा दिली, मग एक दिवस ठरवून काढली आणि वर्षाच्या आत मुलगी झाली. मला तांबीने ती वर्षं दिली. माझ्याच हाताने बसवलेल्या एका शिक्षिकेची मात्र तांबी दुसऱ्या महिन्यात नकळत पडली, तिला दिवस गेल्यावरच कळलं. एक बाई दहा वर्षं वापरून काढायला आली तेव्हा तिने मला पेढे दिले. ही सगळी एकाच साधनाची कहाणी आहे. म्हणून तुला कुणी म्हणालं की ‘तांबी वाईट’ किंवा ‘तांबी उत्तम’, तर त्यांना विचार, कुणाला?

परत अडवलं तर भांडू नकोस, पण उठूनही येऊ नकोस. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटायचंय म्हणून सांग. म्हण, ‘मला तांबी काढून हवी आहे. आज काढत नसाल तर का नाही ते केसपेपरवर लिहून द्या.’ लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक वेळा काढून मिळते. नंतर पुढच्या एखाद्या पाळीत पुन्हा पस्तावलीस, छाया नको वाटली, तर ती बदलता येते. वर्षभराने रक्त भरून आल्यावर तुला पुन्हा तांबी घ्यावीशी वाटली तर तेही होतं, एकदा काढली म्हणून दार बंद होत नाही.

पाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी लवकर जा, तेव्हा ओपीडीत गर्दी कमी असते. तांबीचं कार्ड आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट घे, एक जास्तीचा पॅड पर्समध्ये ठेव. उपाशी जाऊ नकोस. लोहाची गोळी चहाबरोबर घेत असशील तर आजपासून बंद कर, जेवणानंतर तासा-दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर घे. बाळाला जाऊबाईंकडे ठेवून त्यांनाच सोबत यायला सांगितलंस तर चालणार नाही, म्हणून बाळ सासूबाईंकडे आणि जाऊबाई तुझ्याबरोबर. त्यांचंही कार्ड घ्यायला सांग. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपास आणि आकडा मला कळव.

तुझी ताई